मधल्या पंगतीतले काकाजी

फोन उचलल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे आमच्या कंट्रोल रूमच्या भिंतीवर छापून चिकटवलेलं होतं. 'रुग्णवाहिका कुठे हवी आहे?' काकाजींनी हा प्रश्न पहिला म्हणून कधीच विचारला नाही. ते विचारायचे, "गॅस बंद केला का?"

पलीकडचा माणूस चक्रावायचा. कोणाचा बाप अंगणात पडलेला, कोणाच्या बायकोला कळा सुरू झालेल्या, आणि हा बाबा गॅसचं विचारतोय. पण दहातल्या सहा घरी गॅस खरंच चालू असायचा. दुधाचं पातेलं नाहीतर वरणाचा कुकर. तो बंद करायला माणूस आत जायचा, परत यायचा, आणि येईपर्यंत त्याचा आवाज जरा ठिकाणावर आलेला असायचा. मग काकाजी पत्ता विचारायचे. मी नवीन असताना त्यांना म्हटलं की हे नियमात बसत नाही. ते म्हणाले, "नियम लिवनाऱ्याच्या घरी कोनी पडलं नसन बेटा."

आमची रुग्णवाहिका सेवा एका ट्रस्टची होती. जिल्हाभर पसरलेल्या सात गाड्या आणि वर्ध्यात एक खोली. आर्वी असो की हिंगणघाट, फोन सगळे त्या खोलीत यायचे. दोन टेबलं, दोन संगणक, दोन हेडफोन, एक कूलर आणि भिंतीवर एक कॅलेंडर. एका टेबलावर मी, दुसऱ्यावर काकाजी, सकाळी आठ ते दुपारी चार. त्यांचं खरं नाव हजेरीत होतं, पण ड्रायव्हरपासून साहेबांपर्यंत सगळे काकाजीच म्हणायचे. ते नाव मी इथेही लिहीत नाही. लिहिलं तर कोणी ओळखेल याची भीती नाही, कोणीच ओळखणार नाही याची आहे.

आमच्याकडे येण्याआधी काकाजी एसटीत होते. आर्वीच्या बसस्थानकावर खिडकीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. निवृत्त झाले, पण माइक काही घशातून गेला नाही. माणसांशी ते आपल्या वऱ्हाडीत बोलायचे आणि गाडीविषयी बोलताना एकदम छापील मराठीवर यायचे. कळा देणाऱ्या बाईच्या नवऱ्याला म्हणायचे, "तू काऊन रडून राह्यला? पोरगं तुले होऊन राह्यलं का?" आणि लगेच पुढच्या श्वासात, "सेलूहून निघालेली गाडी पंधरा मिनिटांत आपल्या गावी पोचत आहे. नागरिकांनी रस्ता मोकळा ठेवावा." नवरा बिचारा नागरिक होऊन रस्ता मोकळा करायला धावायचा.

गाडी रस्त्यात असली की काकाजी बसायचे नाहीत. हेडफोनची वायर ताणून टेबलाशी उभे. गाडी पोचली की खाली टेकायचे. एखाद्या दिवशी लागोपाठ फोन आले की माणूस चार-चार तास उभा. मी म्हणायची, काकाजी, तुमच्या उभं राहण्याने गाडी जोरात पळते का? ते म्हणायचे, "पळत नाई. पन आपुन बसलेलो त्यायले फोनवर समजते." मला ते पटायचं नाही. नंतर नंतर मी स्वतः उभं राहून पाहिलं, तर बोलणं खरंच वेगळं निघत होतं.

डब्यात रोज दोन पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी. भाजी का आणत नाही, असं विचारलं तर म्हणाले, "एकट्याच्या घरी भाजी दोन दिवस पुरते. तिसऱ्या दिवशी तेच आपल्याले पाह्यत बसते." हे ते हसत हसत सांगायचे आणि आपणही हसायचं असं गृहीत धरायचे. मी हसायची.

आता आमच्या कामातली खरी अडचण सांगते. गाडी पोचली की आमचा फोन बंद. पुढे काय झालं ते आम्हाला कोणी सांगत नाही आणि आम्ही विचारायचंही नसतं. दिवसात वीस-पंचवीस घरांतला सगळ्यात वाईट क्षण ऐकायचा आणि त्या घराचं दार तिथेच लावून घ्यायचं. मला ते जमायचं. चार वाजले की मी स्कूटीला किक मारायची आणि पिपरी मेघेला घरी पोचेपर्यंत सगळं विसरलेली असायची. मी निगरगट्ट होते असं कोणी म्हटलं तर म्हणू द्या. निगरगट्ट नसलेली माणसं तिथे सहा महिने टिकत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

काकाजींना जमत नव्हतं, आणि तरी ते टिकले होते. ते कसे, हे मला कॅलेंडरवरून कळलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीचे बारीक ठिपके असायचे. मला वाटायचं, नळ येण्याचे दिवस असतील. मग लक्षात आलं की काकाजी आपली साप्ताहिक सुट्टी बदलून मागतात ती नेमकी ठिपक्याच्या दिवशी. कोणी विचारलं तर म्हणायचे, बाहेरगावी काम आहे. एकट्या माणसाला महिन्यातून दोनदा कसलं काम असतं, म्हणून आम्ही मागून खूप चेष्टा केली. आर्वीच्या ड्रायव्हरने तर त्यांचं लग्नही ठरवून टाकलं होतं.

अशाच एका ठिपक्याच्या दिवशी माझीही सुट्टी होती. आईला नागपूरच्या बसमध्ये बसवून मी वर्ध्याच्या बसस्थानकातून बाहेर पडत होते, तर काकाजी उभे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिशवी आणि पिशवीतून डोकावणारा झेंडूचा हार. सेलूच्या पुढच्या एका गावाची गाडी त्या दिवशी आलीच नव्हती. आयुष्यभर ज्यांनी गाड्या सांगितल्या, तेच फलाटावर पोरासारखे कावरेबावरे झालेले पाहून मला हसू आलं.

"कुठं जाऊन राह्यले काकाजी?"

"तेरवीले."

"कोणाच्या?"

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "तूनंच घेतलता तो फोन. पोरगी म्हने, माय उठून नाई राह्यली."

मला आठवेना. तेरा दिवसांपूर्वीचा फोन, आणि मला त्या बाईचं गाव आठवत नव्हतं, पोरीचा आवाज आठवत नव्हता. लाज वाटली म्हणून म्हणा किंवा नुसती उत्सुकता म्हणून, मी त्यांना स्कूटीवर मागे बसवलं.

तिथे गेल्यावर कळलं की हा माणूस यात किती मुरलेला आहे. मांडवात शिरले, फोटोला हार घातला, हात जोडले आणि बाजूला खुर्चीवर जाऊन बसले. कोणाशी ओळख काढली नाही. पहिली पंगत बसली तेव्हा उठले नाहीत. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पहिल्या पंगतीत घरचे सोयरे असतात, ते एकमेकायले ओळखतात. आखरीच्या पंगतीत वाढणारे बसतात, ते सर्वायले ओळखतात. मधल्या पंगतीत कोनी कोनाले विचारत नाई." आणि मधल्या पंगतीत ते पुरुषांच्या रांगेत बसले, मी बायकांच्या. काशीफळाची भाजी, पुरी, बुंदी, वरणभात. माझ्या शेजारची म्हातारी जेवता जेवता माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "लय जीव लावत होती वो ती. तुले तं जास्तच." मी त्या बाईला कधी पाहिलंही नव्हतं. मान खाली घालून वरणात बोटं फिरवत बसले आणि मग मला रडू आलं. खोटं नव्हे, खरंच आलं. म्हातारीने माझ्या पानात आणखी दोन पुऱ्या वाढायला लावल्या.

परत येताना स्कूटीच्या मागून काकाजी बोलत होते. वाऱ्यामुळे अर्धं ऐकू येत होतं, पण ऐकू आलं तेवढं पुरे झालं. त्यांची बायको कोरोनात गेली. मुलगी सुरतेला, तिला येता आलं नाही. तेराव्या दिवशी त्यांनी स्वतः वरणभात केला आणि दार उघडं ठेवलं. गल्लीतली सगळी दारं बंद होती. लोकांचंही बरोबर होतं, असं ते म्हणाले. दुपारी तीनपर्यंत वाट पाहिली आणि मग ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवले. "बसलो असतो तं एकट्याची पंगत झाली असती," ते म्हणाले. मी आरशात पाहिलं नाही. स्कूटी नीट चालवली.

पेशंटचा पत्ता कामाबाहेर वापरायचा नाही, असा आमच्याकडे नियम होता, आणि तो नियम चुकीचा नाही. मला सगळं माहीत होतं. वर्षभर मी गप्प राहिले. ठिपक्याच्या दिवशी त्यांच्या टेबलावरचे फोनही मी घ्यायची आणि ते परत आले की गाव कसं होतं, पोरं सावरली का, ते विचारायची. माझेही काही फोन त्यांच्यामुळे पुरे व्हायला लागले होते.

त्यांना एक गर्व होता, एकच. कोण वाचलं आणि कोण गेलं हे आपल्याला फोनवर कळतं असा. ड्रायव्हरला ते नंतर विचारायचे, पण खात्री करायला म्हणून नव्हे, स्वतःची पाठ थोपटून घ्यायला. "मानूस गेला की रडनं बदलते बेटा. आधीचं रडनं बोलावनारं असते. मंग नुसतं रडनं राह्यते." आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

आर्वीकडच्या रोहणा गावाहून फोन आला, सकाळी अकराच्या सुमारास. फोनवर घरची सून होती. भाजीपाल्याचं घर. वांग्याचे क्रेट आर्वीच्या बाजारासाठी टेम्पोत चढवत असताना सासरे क्रेट धरून खाली बसले ते आडवेच झाले. गॅस बंद झाला, आर्वीची गाडी निघाली आणि काकाजी उभे राहिले. छातीवर दाब कसा द्यायचा ते त्यांनी तिला सांगितलं आणि मोजायला लागले. मोजायचेही माइकच्याच आवाजात, सावकाश, एकही आकडा न गिळता. ती त्यांच्यामागे मोजत होती. रडत होती, पण थांबत नव्हती. दहा-बारा मिनिटांनी तिचं रडणं एकदम बदललं. मोठ्याने, सोडून दिल्यासारखं. मला बाजूच्या टेबलावर ऐकू आलं. काकाजी मोजतच राहिले. मग सायरन वाजला आणि फोन बंद झाला. काकाजी बसले.

"गेला," ते म्हणाले, आणि चहा न पिता तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी कॅलेंडरवर तेराव्याच्या तारखेला ठिपका होता. आर्वीचा ड्रायव्हर त्याच संध्याकाळपासून मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेलेला, त्यामुळे त्याला विचारणं झालं नाही.

ठिपक्याच्या दिवशी काकाजी सकाळच्या बसने पुलगावला गेले, तिथून आर्वीची बस धरून रोहण्याला उतरले. पुढचं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"मांडव दिसेना. म्हटलं, घरातल्या घरात केली असन. आत गेलो तं बुढा खाटेवर बसून पोहे खाऊन राह्यला."

"कोण बुढा?"

"तोच. गेलेला."

मी हातातला कप खाली ठेवला.

"हार हातात. सून समोर. ती म्हने, कोन पाहिजे? मले काय सुचलं काय मालूम. मी म्हटलं," आणि इथे काकाजींचा आवाज आपोआप छापील झाला, "आमच्या रुग्णवाहिका सेवेतर्फे आपला सत्कार करण्यात येत आहे. अन् घातला हार."

मी इतकी हसले की चहा नाकात गेला. तेही हसत होते. म्हाताऱ्याने पोह्याची ताटली बाजूला ठेवून टोपी मागवली, टोपी घालून पुन्हा हार घालून घेतला. शेजारच्या माणसाने मोबाइलवर फोटो काढला. चार लोक जमले. सत्कार करणारा पाहुणा उपाशी जाऊ नये म्हणून सुनेने स्वयंपाक केला आणि घरच्या सगळ्यांनी त्यांना मध्ये बसवून जेवू घातलं. जेवताना सगळं विचारलं. गाव कोणतं, नोकरी किती वर्षं केली, लेकरं किती, बायको काय करते.

"सांगितलं का?" मी विचारलं.

काकाजींचं हसणं जरा मंदावलं. "सर्व सांगितलं. बायको घरी हाये म्हटलं. काऊन म्हटलं मालूम नाई. तोंडातून निंघून गेलं."

निघताना सुनेने काकूंसाठी म्हणून पिशवीभर वांगी दिली होती. त्यातली निम्मी माझ्या घरी आली. चांगली होती, काटेरी देठाची.

मग मी त्यांना छेडलं. म्हटलं, काकाजी, तुमचा कान या वेळी फसला. ते म्हणाले, "ते मी विचारलं तिले. ती म्हने, तवाच आमचे हे वावरातून धावत आले, अन् त्यायले पाह्यलं तसं मले रडू आवरलं नाई. कोनी आपलं मानूस आल्यावर जे रडनं येते ना बेटा, ते मी कधी ऐकलंच नवतं. म्हून ओळखता नाई आलं." हे सांगून ते बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसले.

तो फोटो रोहण्याच्या ग्रुपवर गेला. तिथून तालुक्यात, तालुक्यातून जिल्ह्यात. टोपी आणि हार घातलेला म्हातारा, बाजूला ताठ उभे काकाजी, खाली आमच्या सेवेचं नाव. आमचे साहेब खूश झाले. न सांगता आपल्या सेवेचं नाव झालं म्हणून दोन दिवस फोटो बोर्डावर लावला. काकाजी त्या बोर्डाकडे न बघता आत यायचे.

तिसऱ्या दिवशी देवळीकडचा एक माणूस ऑफिसात आला. चाळिशीचा, आईमागे उतरवलेले केस आता कुठे बोटभर वाढलेले. त्याने मोबाइलवरचा तोच फोटो टेबलावर ठेवला. "हा मानूस आमच्या मायच्या तेरवीत जेवून गेला. आमी समजलो बाबाच्या वळखीचा हाये. मी त्याच्या पाया पडलो." मग साहेबांकडे पाहून म्हणाला, "तुमच्या हापिसातून मेलेल्या मान्सायचे पत्ते वाटतात का? कोनीही यावं, फुकट जेवून जावं?"

काकाजी त्याच खोलीत होते. फोन चालू होता म्हणून उभे होते. मी त्या माणसाला दोष देत नाही. त्याच्या जागी मीही चिडले असते. पण 'फुकट जेवून' हे शब्द ऐकल्यावर काकाजींचा चेहरा मी पाहिला, आणि तो पाहायला नको होता असं अजून वाटतं.

चौकशी लागली. चौकशी म्हणजे काय, साहेबांनी दोन कागद काढले. काकाजींनी एका ओळीत सगळं कबूल केलं. दुसरा कागद माझा. मी पाळीची प्रमुख होते आणि त्याच महिन्यात माझ्या कराराचं नूतनीकरण होतं. साहेब वाईट नव्हते. ते मला म्हणाले, तुम्हाला माहीत होतं असं लिहिलंत तर दोघांचंही जाईल. मला माहीत होतं, पण एकट्या माणसाची सवय म्हणून मी समजून घेतलं, असंही लिहिता आलं असतं. कदाचित त्यांना नुसती ताकीद मिळाली असती. तेवढं माझ्या एका कागदावर होतं, आणि ते मला तेव्हाही कळत होतं. मी लिहिलं, 'सदर बाबीची मला कोणतीही माहिती नव्हती.'

माझा कागद वाचल्याची सही काकाजींना करायची होती. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. म्हणाले, "अक्षर चांगलं हाये तुयं." टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. सही केली, हेडफोन रुमालाने पुसून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "कारंज्याची गाडी डिझेल भरून राह्यली. दहा मिनिटं तिले काही देऊ नको." मग डबा घेऊन निघाले. एरवी चार वाजता मी त्यांना स्कूटीवर घरी सोडायची. त्या दिवशी दुपारचा एक वाजला होता.

ते राहतात पिपरी मेघेतच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. आधी वाटलं, आठवडाभराने जाऊ, राग शांत होऊ दे. पण राग त्यांना आलाच नव्हता, त्यामुळे तो शांत व्हायची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. मग मी ऑफिसला जाण्याचा रस्ताच बदलला. नवा रस्ता लांबचा आहे आणि त्यावर खड्डे आहेत. त्यांच्या टेबलावर एक हुशार मुलगी आली. पहिला प्रश्न बरोबर विचारते.

सात-आठ महिने झाले असतील. एका सकाळी फोन आला. मी पत्ता विचारला तर बाई म्हणाली, "गाडी नाई पाहिजे जी. रोहण्याहून बोलून राह्यली. तुमच्याकडचे एक भाऊ आलते ना सत्काराले, त्यायले निरोप द्याचा होता. आमच्यापाशी त्यायचा नंबर नाई, म्हून इथंच लावला."

अशा फोनला नियम आहे. ही लाइन आपत्कालीन सेवेची आहे असं सांगून बंद करायचा. मी बंद केला नाही.

"आमचे मामाजी गेले," ती म्हणाली. मामाजी म्हणजे तिचे सासरे, हार घालून घेतलेला तो म्हातारा. "झोपेतच गेले, तरास नाई झाला. पुढच्या बुधवारी तेरवी हाये. त्या भाऊले नक्की येजा म्हना. मामाजी जो येईन त्याले तो फोटो दाखवत. म्हनत, माह्या तेरवीले या मानसाले बोलवजा." मग जरा थांबून म्हणाली, "काकूलेही आना म्हना. दोघायले सांगजा."

मी म्हटलं, सांगते.

बुधवारला नऊ दिवस होते. पहिल्या दिवशी मी ठरवलं की संध्याकाळी जायचं. संध्याकाळी पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी स्कूटीचं पंक्चर निघालं, जसं काही दोन गल्ल्या चालता येत नाहीत. मग मी नियमाचा आधार घेतला. फोनवर मिळालेली माहिती बाहेर द्यायची नसते, त्या नियमापायीच तर सगळं झालं, आता मीच कशी मोडू? काय काय शोधून काढतो माणूस. खरी गोष्ट एवढीच होती की त्यांचं दार वाजवल्यावर ते 'ये बेटा' म्हणतील आणि मला आत जाऊन बसावं लागेल. आठव्या दिवशी मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. दार उघडं दिसत होतं. मी परत फिरले. बुधवारी माझी पाळी होती आणि फोन खूप होते.

गुरुवारी सकाळी तिचाच फोन.

"निरोप भेटला नाई का जी त्यायले?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती. "आमी लय वाट पाह्यली. पहिल्या पंगतीत त्यायचं पान मांडलं होतं, अन् बायायच्या रांगेत काकूचं. लोक म्हनत, वाढून घ्या, वाढून घ्या. आमच्या ह्यायनं पंगत थांबवली. म्हने, वर्ध्याहून येनारे हायेत, पुलगावची बस येऊ द्या. अर्धा तास थांबलो. मंग दोन्ही पानं गाईले दिली."

शेजारच्या टेबलावर नवी मुलगी कोणाला तरी पत्ता विचारत होती.

"तब्येत बरी हाये ना त्यायची?" ती म्हणाली. "दोघायची?"

"हो," मी म्हटलं. "दोघांचीही बरी आहे."

काकाजींची बायको गेल्याला पाच वर्षं झाली होती. आणि काकाजींची तब्येत कशी आहे, हे दोन गल्ल्यांवर राहूनही मला माहीत नव्हतं.